अंतरपाट एकदाच दूर होतो

लग्नात झटपट छायाचित्र देणारा कॅमेरा आणला की चित्र बिघडण्याची भीती नाही, असे पुष्कळांना वाटते. मला हे पटत नाही. एडविन लँड यांनी १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये या तंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले, तेव्हा मिनिटभरात चित्र हाती आले. चूक लगेच दिसते, हा त्याचा खरा गुण. पण उमापूरसारख्या गावात गोरज मुहूर्तावर लग्न लागते तेव्हा अंतरपाट एकदाच दूर होतो. चित्र काळे आले हे मिनिटाने कळून काय उपयोग?

तेथे कामी येते ते गणित. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. वधूवर दोन मीटरऐवजी चार मीटरवर असले की त्यांच्यावर एक चतुर्थांश प्रकाश पडतो, सहा मीटरवर एक नवमांश. वऱ्हाडाच्या मागून फ्लॅश मारणाऱ्या हौशी पाहुण्याच्या चित्रात पुढचे फेटे पांढरेफटक आणि वधूवर अंधारात, ते यामुळेच. (दोष मात्र कॅमेऱ्याला मिळतो!) प्रकाश परतवणारी पांढरी भिंतही मांडवात नसते.

शिवाय बहुतेक झटपट चित्रांना पुन्हा छापता येईल अशी निगेटिव्ह नसते. ती एकुलती प्रत मामांनी नेली की घरी काहीच उरत नाही. म्हणून पाहुण्यांच्या हाती द्यायला हा कॅमेरा जरूर असावा. मंगलाष्टके संपताना मात्र प्रती काढता येतील असा दुसरा हवा, आणि तो धरणाऱ्याने बोहल्यापासूनचे अंतर दुपारीच पावलांनी मोजून ठेवावे.