गाडीची बॅटरी आणि वादळातला रेडिओ

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले. हरिहरेश्वर भागात वीज गेली, फोनही गेले. मालाच्या नुकसानीचा हिशेब नंतर झाला. आधी माणसांचीच खबर मिळेना. अशा वेळी परवानाधारक हौशी रेडिओवाल्याचा, म्हणजे हॅमचा, संच टेम्पोत बसवून गावोगाव नेता येतो. पण त्याचे सारे बळ बॅटरीत.

आमचे मत असे की, बाजारपेठेने वर्गणी काढून रेडिओसाठी वेगळी बॅटरी घ्यावी. इंजिन सुरू करणारी बॅटरी म्हणजे भांडवल. ते खाल्ले की टेम्पो जागीच उभा. शंभर वॅटचा संच ऐकताना साधारण १ अँपिअर घेतो, बोलताना २०. ऐकणे स्वस्त, बोलणे महाग (दुकानातही हेच खरे). १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मेच वापरावे. दहा मिनिटांत एकच मिनिट बोलले तर तेवढ्यात सोळा-सतरा तास निघतात. संच थोडा वेळ बंद ठेवून मोजल्यावर १२.२ व्होल्ट दिसले की थांबावे आणि इंजिन चालवून बॅटरी भरून घ्यावी. दोन बॅटऱ्यांमध्ये रिले हवा, म्हणजे इंजिन बंद होताच त्या वेगळ्या होतात. टाकीत डिझेल आधीच भरलेले असावे. वीज गेली की पंपही बंद.

पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते. दरवर्षी मे महिन्यात ती तपासायची कोणी, ते नाव वर्गणी काढतानाच ठरवावे.