१९०७ हे साल नव्हे!



पेसाखच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी पेटी खाली काढली, तर तिच्यातून संगीन निघाली. संगीन म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी बसवायचा लांब सुरा. आम्ही अकरा वर्षांच्या नातवाला घरातली ठरलेली गोष्ट सांगितली, "ही तुझ्या खापरपणजोबांची. १९१६ साली मेसोपोटेमियात ते हिच्यानिशी लढले."

नातवाने पात्यावर बोट ठेवलं. "आजी, इथे १९०७ लिहिलंय. म्हणजे लढाईच्या आधीचीच!" आम्हीही मान डोलावली.

पण आमचा जन्म गेला इस्पितळात. औषधाची बाटली तीनदा वाचल्याशिवाय आम्ही सुई भरली नाही. भिंग घेतलं, कापसाला शिवणयंत्राचं तेल लावून मुठीजवळचा भाग हलकेच पुसला. (बालमित्रांनो, पात्याला हात मोठ्यांनीच लावायचा. आणि वाळूकागद मुळीच घासायचा नाही, अक्षरं निघून जातात.)

वर मुकुट, त्याखाली जी.आर., म्हणजे जॉर्ज राजा. मग १९०७. हे साल नव्हे, नमुन्याचं नाव! जुन्या औषधांवर बी.पी. लिहिलेलं असे, म्हणजे ब्रिटिश फार्माकोपियाप्रमाणे बनवलेलं. तसंच हे, १९०७ मध्ये ठरलेल्या नमुन्याप्रमाणे केलेली सतरा इंची संगीन. पहिल्या-पहिल्या संगिनींना मुठीजवळ वाकडा हूक असे, तो १९१३ मध्ये बंद झाला. आमचीला नाही.

त्याखाली बारीक आकडे, १० आणि '१८. आधी महिना, मग साल. ऑक्टोबर १९१८! शेवटी कारखानदाराचं नाव, विल्किन्सन. कोणाकडे सँडरसन, चॅपमन, व्हिकर्स किंवा मोल असेल. ई.एफ.डी. म्हणजे विलायतेतलं एन्फील्ड आणि आर.एफ.आय. म्हणजे आपलं कलकत्त्याजवळचं ईशापूर. पात्याच्या दुसऱ्या बाजूला बाणाची खूण, म्हणजे सरकारी माल. फुली म्हणजे पातं वाकवून पारखलेलं. मुकुटाखाली आकडा आणि ई, हा एन्फील्डच्या तपासनिसाचा शिक्का.

आता आली का पंचाईत? १९१६ च्या लढाईत १९१८ ची संगीन जाणार कशी? ११ नोव्हेंबर १९१८ ला तर लढाईच थांबली. नातू आमच्या तोंडाकडे बघत राहिला. "म्हणजे खापरपणजोबा खोटं बोलले?"

हा प्रश्न फार लागला. आम्ही अश्दोदला आमच्या थोरल्या ताईला फोन लावला. ती आता अठ्ठ्याऐंशीची. ती हसायलाच लागली. "अगं, ती बाबांनी चोरबाजारातून आणली! दुसरी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी. गावाहून नारळ यायचे ना, ते सोलायला! आजोबा मेसोपोटेमियात होते हे खरं, पण फौजेच्या इस्पितळात ड्रेसर होते. जखमा बांधायचे. त्यांनी कधी बंदूक धरल्याचं सांगितलं नाही."

म्हणजे आजोबा खोटं बोलले नव्हते आणि पोलादही नाही. दोन खऱ्या गोष्टींची गाठ आम्हीच मारली होती. साठ वर्षं आम्ही पट्ट्या बांधल्या, आणि ते काम घरात आमच्याआधी कोणी केलं होतं हे आम्हालाच ठाऊक नव्हतं! नातवाला सगळं सांगितलं. तो थोडा खट्टू झाला, मग म्हणाला, "नारळ सोलून दाखव."

वाचकहो, शिक्का वस्तूचा जन्म सांगतो. ती कोणाच्या हातात होती हे माणसंच सांगतात, आणि तशी माणसं आता थोडीच उरली आहेत. बालमित्रांनो, आजी-आजोबांना आजच विचारा आणि कागदावर लिहून ती चिठ्ठी वस्तूला बांधून ठेवा. आमच्या संगिनीला आम्ही बांधली आहे. तिच्यावर लिहिलंय, "विल्किन्सन, ऑक्टोबर १९१८. आमच्या घरी नारळ सोलण्यासाठी."

पुढच्या अंकी भेटूच. शालोम!