बिनकामाचं बसणं



गेल्या तिमाहीत कामठीतल्या आपल्या गटांच्या बैठकांत आम्ही एक साधा प्रश्न विचारला. वर्षभरात, घरचं कोणी सोबत नसताना, केवळ मैत्रिणींशी गप्पा मारायला म्हणून तुम्ही हॉटेलात किती वेळा बसलात? आधी हशा पिकला. मग एकेक उत्तर आलं. कुणी दवाखान्यातून परतताना नणंदेबरोबर रसवंतीवर थांबली होती. कुणी मोर्चाला गेली तेव्हा स्टेशनवर उभ्याउभ्या चहा घेतला होता. कुणी लग्नाच्या खरेदीला सीताबर्डीला गेली असताना सासूबाईंना भूक लागली म्हणून डोसा खाल्ला होता. एक वयस्क बाई म्हणाल्या, ‘‘ताई, हॉटेलात बसाले काही काम तं लागते ना!’’

त्या बाईंच्या एका वाक्यात आजचा विषय आला आहे. बाहेर बसायला बाईला काम लागतं. पुरुषाला लागत नाही. कामठीच्या कुठल्याही चौकात संध्याकाळी सातला नजर टाका. चहाच्या ठेल्यावर, पानठेल्यावर, पुलाच्या कठड्यावर पुरुष बसलेले असतात. त्यांना कोणी विचारत नाही की इथे का बसलात. त्याच चौकातून बायका जातात, पण हातात पिशवी, कडेवर पोर आणि चालण्यात घाई घेऊन. पिशवी ही बाईची बाहेर असण्याची परवानगीच आहे. ती नसली तर लोकांना प्रश्न पडतो.

हा प्रश्न चैनीचा वाटेल. पाणी, रेशन, मारहाण, पोटगी हे सगळं समोर असताना हॉटेलात बसण्याची काय गोष्ट, असं आमच्यातल्याही काहीजणी म्हणाल्या. त्यांच्यासाठी एक प्रसंग नोंदवतो. कामठीहून नागपूरला नोकरीला जाणारी एक तरुण मुलगी आमच्या केंद्रात आली. कामावरच्या सहकारी मुलीच्या वाढदिवसाला सगळ्याजणी रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेल्या. दोघीतिघींनी बिअर घेतली, हिने लिंबूसरबत. कुणीतरी फोटो काढला आणि तो फिरत फिरत घरच्यांच्या मोबाईलवर पोचला. टेबलावर बाटली दिसत होती, एवढं पुरे झालं. दुसऱ्या दिवशी भावाने तिची नोकरी बंद केली. तिच्या पगारावर धाकटीची फी भरली जात होती, तरी घरात कुणाला ते आठवलं नाही. एका संध्याकाळची किंमत एका नोकरीइतकी असेल, तर तो प्रश्न चैनीचा कसा?

आपल्या आधीच्या पिढ्यांनी उंबरठा ओलांडला तो कारणांच्या बळावर. शिक्षणासाठी, मजुरीसाठी, सभेसाठी. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं भाषण झालं, आणि हजारो बायका घरदार मागे ठेवून तिथे जमल्या. कारण मोठं होतं म्हणून ते पाऊल मोठं ठरलं. आज मुलगी शाळेत जाते, बाई कामाला जाते, गटाच्या बैठकीला येते, ते या कारणांमुळेच. पण प्रत्येक कारणाबरोबर एक अट चिकटलेली असते. काम झालं की सरळ घरी. कामाचा वेळ आणि घराचा वेळ यांच्यामधला, कुणालाही हिशेब न देता घालवायचा अर्धा तास बाईच्या वाट्याला अजून आलेला नाही.

हॉटेलमालकांनी ही व्यवस्था पाटीवरच लिहून ठेवली आहे: ‘फॅमिली रूमची स्वतंत्र सोय.’ बाहेरचा हॉल कोणाचा, हे लिहायची गरज पडत नाही. बाई आली की वेटर बोट दाखवतो, ‘‘मॅडम, फॅमिली आत.’’ चार मैत्रिणी आल्या तरी त्यांना पडद्यामागे बसवतात. म्हणजे बाई हॉटेलात येते ती कुणाची तरी बायको, आई, बहीण म्हणून. गिऱ्हाईक म्हणून तिची गणती नाही. आपल्या सावजी भोजनालयांकडे पाहा. हलबा कोष्टी समाजाच्या घराघरांतून वाटल्या गेलेल्या मसाल्याने नागपूरचं नाव देशभर नेलं. त्या पाट्यावर हात बायकांचेच होते. पण कितीतरी सावजी हॉटेलांत बाई आजही दारातून पार्सल घेऊन परत फिरते. चव तिची, पण बाकावर बसायचं मात्र पुरुषांनी.

आता थोडं कायद्याचं. आपल्या संविधानाच्या १५ व्या कलमात हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं यांत जाण्यास आडकाठी करता येणार नाही, असं त्याचं दुसरं उपकलम सांगतं. संविधानात उपाहारगृह का आलं? कारण आपल्या समाजात दलितांना हॉटेलात बसू देत नसत, बाहेर उभं करून वेगळ्या कपात चहा देत. एकत्र बसून चहा पिणं ही क्षुल्लक गोष्ट नाही, तिथेच बरोबरीची कसोटी लागते, हे संविधानकर्त्यांनी ओळखलं होतं. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे आणि विडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास एल. एन. ज्या कामठीचे, त्या गावाला हे वेगळं सांगायला नको. पण कलमात जातीच्या शेजारीच लिंग हा शब्दही आहे. जातीची वेगळी कपबशी आपण ओळखली आणि फोडली. बाईसाठी लावलेला पडदा मात्र अजून सोय म्हणूनच मिरवतो आहे.

दाराशी अडवणं ही एक गोष्ट झाली. त्या दारापर्यंत पोचायला वेळ आणि पैसा लागतो, तो कुठून आणायचा? केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषाचा ८८ मिनिटं, असं आढळलं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बाईची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषाने आपलीही नऊ वाचवून घेतली! रोज पावणेपाच तास घरात देणाऱ्या बाईला मैत्रिणीसाठी तासभर काढायचा तर तो झोपेतून काढावा लागतो.

आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारतात की बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर तुम्ही एकट्या जाऊ शकता का. २०१९ ते २०२१ च्या फेरीत तिन्ही ठिकाणी एकटं जाण्याची मुभा असलेल्या बायका देशभरात ४२ टक्के निघाल्या. हा आकडा वाचून वाईट वाटतं. पण प्रश्नही तपासून पाहा. बाजार घरासाठी, दवाखाना शरीरासाठी, गावाबाहेर नातलगांसाठी. मैत्रिणीकडे जाऊ शकता का, चहा प्यायला थांबू शकता का, असं कुणी विचारत नाही. मोजणाऱ्यांच्या यादीतही बाईचं बिनकामाचं बसणं नाही.

आता अवघड भागाकडे येतो. हॉटेलात बसण्याचा विषय निघाला की दारूचा निघतोच, आणि तिथे आपल्या चळवळीची जीभ अडखळते. ते स्वाभाविक आहे. दारूविरुद्ध सर्वांत चिवट लढा विदर्भातल्या बायकांनीच दिला. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायकांनी पायी मोर्चे काढले आणि २०१५ मध्ये बंदी मिळवली; २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी ‘आडव्या बाटली’ला मत दिलं तर दुकान बंद, हा नियम राज्यभरच्या बायकांनी वापरला. मग शहरातल्या मुली मैत्रिणींबरोबर बसून बिअर पितात, तेव्हा आपण काय म्हणायचं?

आम्ही यावर बराच वाद घातला. शेवटी ज्या मुद्द्यांवर एकमत झालं ते मांडतो. आपला लढा कधीही पिणाऱ्या बाईविरुद्ध नव्हता. पुरुषाची मजुरी ठेक्यावर जाते आणि मार घरात येतो, याविरुद्ध तो होता. त्या लढ्याचा आधार घेऊन कुणी मुलीच्या टेबलावरचा ग्लास मोजणार असेल, तर तो आपला साथी नाही. जानेवारी २००९ मध्ये मंगळूरच्या एका पबमध्ये शिरून टोळक्याने मुलींना मारहाण केली. त्यांनी दारूबंदीची भाषा केली नव्हती, संस्कृतीची केली होती. त्याच पबमध्ये पिणाऱ्या पुरुषांची संस्कृती कुणाला आठवली नाही. आपल्याच भागातल्या आदिवासी समाजात सणाला, पूजेला मोहाची दारू लागते आणि बायकाही ती घेतात. तेव्हा ‘बाई पीत नाही’ हा सगळ्या बायकांचा नियम नव्हताच. तो विशिष्ट जातींच्या इभ्रतीचा नियम होता.

मोजायचंच असेल तर आकडेही पाहा. वर उल्लेख केलेल्या आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ वर्षांवरच्या बायकांपैकी सुमारे १ टक्का दारू घेतात, पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के. महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, ती दोघांना सारखीच. तरी ‘पोरी बिघडल्या’ ही चर्चा एका टक्क्याची होते आणि एकोणीस टक्क्यांवर घरोघरी पांघरूण घातलं जातं.

त्याचबरोबर, ग्लास हातात आला म्हणजे बाई मुक्त झाली, हे बाजाराचं म्हणणंही आम्हाला मान्य नाही. दारू बाईच्या शरीरालाही अपायच करते, आणि कंपन्यांना नवं गिऱ्हाईक हवं असतं. आम्ही दारूची बाजू घेत नाही. आम्ही त्या टेबलाभोवतीच्या चार खुर्च्यांची बाजू घेतो. खुर्चीवर बसून कुणी चहा घेईल, कुणी सरबत, कुणी बिअर. सज्ञान बाईने काय घ्यावं हे तिने ठरवावं; आणि काय घेतलं यावरून तिची नोकरी, तिचं शिक्षण, किंवा छेडछाडीची तक्रार करण्याचा तिचा हक्क कुणी काढून घेऊ नये. ‘ती तिथे गेलीच कशाला’ हा प्रश्न ठाण्यात, कोर्टात आणि घरात आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. निदान आपल्या बैठकीत तो उमटू नये.

मग परतीच्या वाटेचं काय? नागपूर मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत सुरू झाली आणि पुढे कामठीमार्गे कन्हान नदीपर्यंतच्या टप्प्याला त्याच महिन्यात केंद्राची मंजुरी मिळाली. पण चौकाच्या पुढची वाट ऑटोवाल्याच्या मर्जीवर असेल, तर रात्री नऊची बैठक बाई सातलाच संपवते. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूर पोलिसांनी रात्री अडकलेल्या बायकांना मोफत घरी सोडण्याची योजना जाहीर केली. तिचं स्वागत व्हायला हवं होतं आणि झालं. पण अडकलेल्या बाईला सोडवणं वेगळं, आणि बाईला मुळात अडकू न देणं वेगळं. त्यासाठी दिवे लागतात, उशिरापर्यंत बस लागते आणि स्वच्छतागृह लागतं. मुंबईत २०११ पासून बायकांनी मुतारीच्या हक्काची मोहीम चालवली, तिच्यावर लोक हसले. पण बाहेर पडायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बाईला विचारा. तिला चहा नको असतो असं नाही. चहानंतर जायचं कुठे, हे तिला ठाऊक नसतं.

याच सुमारास दुसरीकडच्या बायकाही हाच विचार करत होत्या. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या अभ्यासावरून ‘व्हाय लॉयटर’ हे पुस्तक २०११ मध्ये लिहिलं आणि बायकांनी शहरात विनाकारण रेंगाळण्याचा हक्क मागितला. २०१५ मध्ये कराचीच्या मुली पुरुषांच्या ढाब्यांवर जाऊन चहा पिऊ लागल्या आणि आपले फोटो उघडपणे प्रसिद्ध करू लागल्या. ज्या फोटोची आपल्या मुलीला भीती वाटते, तोच त्यांनी हत्यार केला. कामठीच्या मोहल्ल्यातली बाई, बौद्ध वस्तीतली बाई आणि कराचीची बाई यांच्यात सरहद्द असेल, पण पडदा एकच आहे.

करायचं काय? मोठा कार्यक्रम नको. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने महिन्यातून एकदा बैठक घरात किंवा समाजमंदिरात न घेता गावातल्या हॉटेलात घ्यावी. बाहेरच्या हॉलमध्ये बसावं. वेटरने आत बोलावलं तर शांतपणे म्हणावं, ‘‘आम्ही इथेच बसतो.’’ अडवलं तर मालकाला पंधरावं कलम वाचून दाखवावं. स्वच्छतागृह आहे का, ते विचारावं. ज्यांच्याकडे पैसे नसतील त्यांचा चहा गटाच्या वर्गणीतून व्हावा. आणि त्या बैठकीला विषयपत्रिका असू नये! बचतीचा हिशेब, अर्ज, केस, काहीही नाही. नुसत्या गप्पा. ते जमायला सर्वांत कठीण जाईल, असं आम्हाला वाटतं.

त्या दिवशी भाकरी कोणी केली, घरात काय बोलणं झालं, शेजारच्या टेबलावरून कोण कसं पाहत होतं, हे आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात तुमची पत्रं छापू.

संपादक मंडळासाठी