प्रार्थनागृह वाचले, पाणी गेले

आयर्लंडची शॅनन नदी लॉक डर्ग या विस्तीर्ण सरोवरातून बाहेर पडते ती किलालू गावाशी, तेरा कमानींच्या जुन्या पुलाखालून. अकराव्या शतकातील राजा ब्रायन बोरू याची राजधानी इथलीच. इथल्या सेंट फ्लॅनन कॅथीड्रलमध्ये एक दगड आहे. त्यावर व्हायकिंगांची रुनिक आणि आयरिशांची ओघॅम अशा दोन्ही लिप्या कोरल्या आहेत. लुटायला आलेले अखेर तिथलेच होऊन गेले, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

गावातील टेकडीवर, कॅथलिक चर्चच्या आवारात सेंट लुआचे छोटे दगडी प्रार्थनागृह दिसते. मुळात ते नदीतील फ्रायर्स बेटावर होते. आर्डनाक्रुशा जलविद्युत प्रकल्पात बेट बुडणार हे ठरल्यावर दगडन् दगड सुटा करून ते वर आणून उभारले गेले. दक्षतेचे हे उदाहरण निःसंशय कौतुकास्पद आहे.

परंतु थोडे खाली, कॅसलकॉनेलजवळचे डूनॅसचे प्रपात असे उचलून नेता येण्यासारखे नव्हते. खडकांवरून फेसाळत जाणारे ते पाणी पाहायला दूरदूरचे प्रवासी येत. सामन माशासाठी तर हे गाव विख्यात होते, आणि तिथल्या गळाच्या काठ्यांनाही नाव होते. १९२५ ते १९२९ या काळात सीमेन्स कंपनीने प्रकल्प बांधला. पार्टीन बंधाऱ्यापासून बारा किलोमीटरहून लांब कालवा काढून पाणी सुमारे २८ मीटर उंचीवरून टर्बाइनवर सोडण्यात आले. टर्बाइन सेकंदाला ४०० घनमीटरपर्यंत पाणी घेतात. जुन्या पात्राच्या वाट्याला कायद्याने किमान १० घनमीटर. पूर येईल तेव्हाच प्रपातांना पूर्वीचा आवाज सापडतो. सामनला धरण ओलांडता यावे म्हणून उद्वाहक बसवला तो १९५९ साली, म्हणजे तीस वर्षांनी!

१९२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या गरीब देशाने वीज निवडली, यात गैर काही नव्हते. सुरुवातीच्या वर्षांत देशाची बहुतांश वीज इथूनच येई. आता मात्र पवनचक्क्यांच्या जमान्यात आर्डनाक्रुशाचा वाटा अगदी थोडा उरला आहे. मग पात्राचे माप तेच का? निदान सामन वर चढण्याच्या हंगामात अधिक पाणी सोडावे, ही मागणी अवास्तव नाही. प्रार्थनागृह हलवण्यापेक्षा हे काम खचितच सोपे आहे. बंधाऱ्याची दारे थोडी अधिक उघडायची, एवढेच.