माहितीची वही आणि शेतकऱ्याची संमती

मोबाइल फोन ही वस्तू शेतकऱ्याच्या घरात आता चैनीची राहिलेली नाही. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, बँकेचा व्यवहार, पिकाची नोंद ही सर्व कामे त्याच्याच साह्याने होतात. त्याच्या उपयुक्ततेविषयी आम्हांस शंका नाही व तो टाकून द्यावा असा उपदेशही आम्ही करणार नाही. परंतु निरोप पोहोचविणाऱ्या कंपन्या पैशाखेरीज आपल्याकडून आणखी काय घेतात, याचा विचार आमच्या शेतकरीवर्गाने व्हावा तितका केलेला नाही. तो करणे आता अगत्याचे झाले आहे.

प्रथम ही माहिती कोणती ते पाहू. चालू असलेला फोन जवळच्या टॉवरशी संबंध ठेवून असतो. तसे नसेल तर आलेला फोन आपणांपर्यंत पोहोचणारच नाही. यामुळे आपण कोठे आहो हे कंपनीस साधारणपणे कळते. कोणास, केव्हा व किती वेळ फोन केला याचीही नोंद होते, आणि डिसेंबर 2021 मध्ये सरकारने परवान्याच्या अटींत फेरफार करून अशा नोंदी किमान दोन वर्षे ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. व्हॉट्सॲपवरील खाजगी मजकूर सांकेतिक रूपाने जात असल्यामुळे कंपनीस वाचता येत नाही, हे खरे. तथापि कोणाचा कोणाशी व किती वेळा संबंध येतो, हे मजकूर न वाचताही समजू शकते.

अशी एकेक नोंद क्षुल्लक दिसते. पण एका दाण्यावरून खळ्याचा अंदाज होत नाही, तरी साऱ्या गावाचे धान्य एका कोठारात जमले म्हणजे भाव ठरविण्याचे बळ कोठारवाल्याच्या हाती जाते. माहितीचेही तसेच आहे.

यावर कित्येक म्हणतात, “आमच्याजवळ लपविण्यासारखे आहे काय?” त्यांस आमचा प्रश्न असा की, बँकेचा हप्ता चार दिवसांवर आला आहे व आज माल विकणे भाग आहे, ही गोष्ट तुम्ही बाजारात व्यापाऱ्यास आपण होऊन सांगता काय? ती लपविण्यात पाप नाही. ती उघड झाल्यास सौदा बिघडतो, इतकेच. समोरच्यास आपली सर्व अडचण ठाऊक व आपणांस त्याचे काहीच ठाऊक नाही, असा सौदा बरोबरीचा होत नाही.

हे भय काल्पनिक नव्हे. अमेरिकेतील मोठ्या मोबाइल कंपन्यांनी ग्राहकांच्या ठावठिकाण्याची माहिती दलालांस दिली व दलालांनी ती पुढे विकली, असे ठरवून तेथील दळणवळण आयोगाने एप्रिल 2024 मध्ये त्यांस एकंदर सुमारे 20 कोटी डॉलर दंड केला. त्याविरुद्ध कंपन्या न्यायालयात गेल्या. आपल्या देशात व्हॉट्सॲपने 2016 मध्ये माहितीच्या देवघेवीस नकार देण्याची जी सोय काही काळ ठेवली होती, ती 2021 च्या अटींत ठेवली नाही. अटी मान्य करा, नाहीतर सेवा सोडा, असा तो प्रकार होता. याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटा कंपनीस 213 कोटी 14 लाख रुपये दंड केला, व अपील न्यायाधिकरणाने 2025 मध्ये दंड कायम ठेवला.

न वाचता दिलेल्या संमतीचा अर्थ महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नव्याने शिकविण्याची गरज नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जे दंगे सुरू झाले, त्यांत लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरांवर होता. कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. अंगठा शेतकऱ्याचा, पण वही सावकाराची, हे त्या संतापाचे एक मोठे कारण होते. पुढे 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला, आणि पावती व वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क ऋणकोस दिला. दंग्याने वही जळाली, पण हक्क मिळाला तो कायद्याने.

आज ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवणे हा नवा अंगठाच होय. सुदैवाने याही बाबतीत कायदा झाला आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले व मुख्य बंधने पाळण्यास कंपन्यांस तेथून 18 महिन्यांची मुदत मिळाली. या कायद्यान्वये संमती स्वखुशीची, विशिष्ट कामापुरती व समजून दिलेली असली पाहिजे. वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधील नंबरांची यादीही मागितली व ग्राहकाने होकार दिला, तरी ती यादी त्या कामास आवश्यक नसल्याने होकार तेवढ्यापुरता ग्राह्य नाही, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे. संमतीची विनंती मराठीत मिळण्याची, आपली कोणती माहिती जवळ आहे हे विचारण्याची, ती दुरुस्त करविण्याची अथवा पुसून घेण्याची तरतूदही त्यात आहे.

कायद्यात उणिवाही आहेत. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. परंतु तो सरकारी तिजोरीत जमा व्हावयाचा, नुकसान झालेल्या ग्राहकाच्या पदरी त्यातले काही पडत नाही. सरकारी यंत्रणांस सूट देण्याचा अधिकारही फार विस्तृत ठेवला आहे. या दोन्ही गोष्टींत सुधारणा झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तात्पर्य, आमचा आक्षेप नोंदीवर नसून तिच्या गैरवापरावर आहे. फोन जोडण्यास व बिल करण्यास लागणारी माहिती कंपनीने खुशाल घ्यावी; त्यापलीकडे एक अक्षरही न विचारता घेऊ नये. आपल्या बाजूने शेतकऱ्यांनी फोनमधील ॲपना दिलेल्या परवानग्या एकदा तपासाव्या, आणि ठावठिकाणा व नंबरांची यादी ज्यांस नको त्यांची परवानगी काढून घ्यावी. नको असलेल्या जाहिरातींचे फोन बंद करण्यासाठी 1909 या क्रमांकावर नोंद करावी. एकट्याच्या पत्रास कंपनी दाद देईलच असे नाही. म्हणून गावोगावच्या सहकारी संस्थांनी सभासदांच्या वतीने मराठीत सूचना व मराठीत हिशेब मागण्याचे काम अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.