डबलसीटचा हिशेब

रविवारची सकाळ ही बहुतेक घरांत मोटारसायकलच्या अंघोळीची वेळ असते. बादली, जुने बनियन आणि शाम्पूची पुडी घेऊन घरधनी तास-दीड तास गाडीशी झटतो. टाकी चकाकते, आरसे लखलखतात, सायलेन्सरवरचा चिखल नखाने खरवडून निघतो. दुपारी त्याच गाडीवर मागे बायको, मध्ये मूल आणि हँडलला लोंबणारी पिशवी असा सारा संसार नातेवाइकांकडे निघतो. हा भार ज्या मागच्या चाकावर पडणार, त्यातली हवा मात्र कुणी पाहिलेली नसते.

मोटारसायकल ही आपल्याकडे एकट्याची चैन कधीच नव्हती. इंदूर असो, नागपूर असो की हैदराबाद, मध्यमवर्गीय घरात ती कुटुंबाचे वाहन म्हणूनच येते. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 बाजारात आली, तेव्हा पेट्रोल भरा, टाकी बंद करा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात खूप गाजली. जाहिरातीचा रोख पेट्रोलच्या बचतीकडे होता. आपल्या लोकांनी विसरण्याचा सल्ला साऱ्या गाडीलाच लावला! आजही गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ डबलसीट असताना ती थांबते कशी, हे सहसा कुणी विचारत नाही.

साधा हिशेब करून पाहावा. शंभर सीसीची गाडी साधारण 110 किलोची. चालवणारा 65 किलोचा धरला, तर एकूण वजन झाले 175 किलो. मागे 60 किलोची व्यक्ती बसली की ते 235 किलोवर जाते, म्हणजे एका क्षणात तिसरा हिस्सा वाढ. त्यात कधी भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे आणखी सुमारे 30 किलो. ट्रकवर कुणी एवढा जादा माल चढवला तर आपणच नावे ठेवू.

ही वाढ प्रामुख्याने मागच्या चाकावर पडते. म्हणूनच गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत मागच्या टायरच्या हवेचे बहुधा दोन आकडे दिलेले असतात. काही शंभर सीसी गाड्यांत एकट्यासाठी 28 पौंड, तर दोघांसाठी 40 च्या आसपास. एवढा फरक असतो. पुढच्या चाकाचा आकडा बहुतेक तोच राहतो. पण हवा भरणारा पोऱ्या विचारतो, ‘साहेब, किती मारू?’ आणि साहेब सांगतात, ‘मार नेहमीसारखी.’ कमी हवेच्या टायरवर दोघे बसले की टायरच्या बाजू सारख्या दबतात, तो तापतो, वळणावर गाडी मागून डोलते आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. पुस्तिका हरवली असेल तर चेन कव्हरवरचे स्टिकर पाहावे. बऱ्याच गाड्यांवर हे आकडे तिथे छापलेले असतात. हवा टायर थंड असताना तपासावी. दहा-पंधरा किलोमीटर धावल्यानंतर मोजलेला आकडा फुगलेला असतो.

मागचे दोन शॉकअप हीसुद्धा अशीच विसरलेली वस्तू. बऱ्याच गाड्यांत त्यांच्या खालच्या किंवा वरच्या टोकाला खाचांची एक रिंग असते. पान्याने ती फिरवली की स्प्रिंग कडक होते. दोघांनी रोज फिरायचे असेल तर ती एक-दोन खाचा पुढे घ्यावी, मात्र दोन्ही बाजूंना सारखीच. तसे केले नाही तर गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढचा दिवा आभाळाकडे पाहू लागतो. रात्री समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला मात्र पुढचा खड्डा दिसत नाही. समोरच्याने दिव्याची उघडझाप केली की आपण त्याच्यावरच चिडतो, हा भाग वेगळा.

आता ब्रेक. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकते. समोर कुत्रे आडवे आल्याचे दिसून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत तेवढे अंतर सहज निघून जाते. त्यानंतर ब्रेकला जे वजन रोखायचे असते, ते डबलसीट असताना एकतृतीयांशाने वाढलेले असते. ड्रम ब्रेकच्या पॅनेलवर बहुधा एक लहानसा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोहोचत असेल, तर लायनर संपले असे समजावे. नट आवळून आणखी महिना काढण्याची युक्ती तिथे चालत नाही. दुसरी अडचण भीतीची आहे. पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटतो, असा समज घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. त्यामुळे कित्येक जण नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. प्रत्यक्षात गाडी थांबवण्याचे निम्म्याहून जास्त काम पुढचे चाक करते. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावणे, हे मोकळ्या मैदानावर मागे कुणाला तरी बसवून शिकून घ्यावे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याहून लहान गाड्यांना किमान जोडब्रेक बंधनकारक झाला. जोडब्रेक असला की मागचा ब्रेक दाबताच पुढचाही थोडा लागतो. त्याआधीच्या गाड्या अजून लाखोंनी रस्त्यावर आहेत आणि त्यांत ही सोय बहुधा नाही.

मागे बसणाऱ्या बाईची खरी शत्रू आहे ती गाडीच्या डाव्या बाजूची उघडी जागा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारसायकलला मागच्या व्यक्तीसाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून निम्मे मागचे चाक झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. घरातला तरुण मुलगा गाडी हाती येताच पहिले काम करतो ते साडीगार्ड काढण्याचे, का तर ‘गाडी काकूबाईची दिसते!’ पुढे त्याच गाडीवर बहीण ओढणी वाऱ्यावर सोडून बसते. ओढणीचे टोक चाकात किंवा चेनमध्ये गेले की गळ्याभोवतीचा वेढा क्षणात आवळतो. मानेला आणि श्वासनलिकेला झालेल्या अशा इजांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा आली आहेत. ओढणीची दोन्ही टोके कमरेशी गाठ मारून घ्यावीत, पदर खोचून घ्यावा आणि माळ्यावर टाकलेला साडीगार्ड खाली काढून बसवावा. चार नटांचे काम आहे.

एका बाजूला पाय सोडून बसण्याची सवय सहज सुटणार नाही, हे खरे. पण पंजाबी ड्रेस असेल तेव्हा तरी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. वळणावर गाडी कलते तेव्हा मागच्या व्यक्तीने उलट्या बाजूला झुकू नये, गाडीबरोबरच राहावे. आणि ‘अहो, जरा हळू’ असे मागून ऐकू आले की चालवणाऱ्याने त्याला टोमणा समजू नये. मागे बसणाऱ्याला खड्डा उशिरा दिसतो आणि त्याचा दणका आधी बसतो.

मुलांच्या बाबतीत तर आपण फारच सैल असतो. पेट्रोलच्या टाकीवर बसवलेले मूल गाडी धडकली की हँडल आणि वडील यांच्यामध्ये चिरडले जाते. हौसेने बसवणाऱ्या बापाला ते सांगूनही पटत नाही. कायद्याने चालकाच्या मागे एकच व्यक्ती बसू शकते. चार वर्षांखालील मुलासाठी फेब्रुवारी 2022 मध्ये निघालेला नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू झाला. त्यानुसार मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. शाळेच्या दारात उभे राहून असे पट्टे मोजले, तर हाताची बोटे पुरून उरतील.

हेल्मेटचा वाद जुना आहे. उकडते, केस गळतात, मान दुखते अशी कारणे पुढे येतात. 2019 च्या जानेवारीत पुण्यात तर सक्तीविरुद्ध आंदोलनही झाले. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 दुचाकीस्वार देशात मृत्युमुखी पडले. त्यांपैकी 14,337 जण मागे बसलेले होते. आता घरातल्या खुंटीकडे पाहावे. हेल्मेट बहुधा एकच टांगलेले असते आणि तेही साहेबांच्या मापाचे. दुसरे घेताना आयएसआयची खूण आणि आयएस 4151 हा क्रमांक पाहावा. पट्टा लावल्यावर हलवून पाहिले तर हेल्मेट डोक्यावर गोल फिरता कामा नये. एकदा आदळलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे.

विम्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. सर्वांत स्वस्त म्हणून नुसता थर्ड पार्टी विमा उतरवला जातो आणि गाडीशी संबंधित सगळे त्यात आले, असा समज असतो. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्याला किमान लागणाऱ्या अशा पॉलिसीत मागे बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसीत ती येते, हे त्याच न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा नावाप्रमाणेच मालकाचा असतो, त्याच्या पत्नीचा नव्हे. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी ‘मागे बसणाऱ्याचे काय?’ एवढा प्रश्न एजंटला विचारावा आणि उत्तर पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगावे. जादा हप्ता किती पडतो, तेही तिथेच कळेल.