आधी काम सांगा, मग लॅपटॉप घ्या

परवा क्लासला हुपरीचा एक पोरगा आला. चांदीच्या पैंजणांचा धंदा सुरू करतोय. म्हणाला, "सर, पहिल्यांदा लॅपटॉपच घेतला. गेमिंगवाला, हप्त्यावर!"

"अरे, पण काम काय करणार त्याच्यावर?"

"बिलं, स्टॉक आणि गिऱ्हाइकाला डिझाईन दाखवायचं."

मी कपाळावर हात मारला. साधा लॅपटॉप घेतला असता तर उरलेल्या पैशात माल आला असता. माझं स्पष्ट मत आहे, भांडवल थोडं असेल तर आधी कामाची यादी करा, मशीन नंतर बघा.

टॅबलेट डिझाईन दाखवायला, प्रदर्शनात ऑर्डर घ्यायला झकास. पण दिवसभर बिलं टाईप करायला नको.

क्रोमबुक स्वस्त आणि हलकं. ब्राउझरमध्ये चालणारी कामं होतात. पण टॅली हे विंडोजचं सॉफ्टवेअर, ते त्यावर थेट बसत नाही. म्हणून घेण्याआधी तुमच्या सीएंना विचारा.

पातळ, हलका लॅपटॉप फिरतीवाल्यांसाठी. पण बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम बोर्डलाच पक्की असते, नंतर वाढत नाही. यूएसबी पोर्टही कमी असतात. टेंडर भरताना डिजिटल सहीचा टोकन कुठे लावणार, ते दुकानातच बघून घ्या.

गेमिंग लॅपटॉप जड, बॅटरी लवकर उतरते. पण शिरोली एमआयडीसीत कॅडवर ड्रॉइंग करणारा असाल किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल, तर त्यातलं ग्राफिक्स कार्ड खरंच कामाला येतं.

बाकीच्यांना 15 इंची साधा लॅपटॉप बास. एसएसडी हवीच. रॅम निदान 8 जीबी, जमलं तर 16.

सेकंडहँड घेताय? घ्या की! पण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा बघा, म्हणजे विंडोज 11 चालेल.

आणि बिल फर्मच्या नावानं, जीएसटी नंबर टाकून घ्या. लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी असतो. तुमची नोंदणी रेग्युलर असेल आणि वापर धंद्यासाठी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही.

गिऱ्हाईक तुमचा लॅपटॉप बघून येत नाही, माल बघून येतं. आज एक कागद घ्या, रोजची पाच कामं लिहा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.